इंजिन सर्वांत शेवटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने मला विषय दिला होता 'अमेरिकेतील माझी वाटचाल'. खरं सांगायचं तर त्या वाटचालीत रंगवून सांगण्यासारखं फार काही नाही. ३१ वर्षं मी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात काम केलं. एखादा भाग मोडेपर्यंत त्याला राबवायचं आणि तो कुठे मोडला, किती वेळाने मोडला, का मोडला हे लिहून ठेवायचं. म्हणजे आयुष्यभर वस्तू मोडण्याचा पगार घेतला! म्हणून समितीच्या परवानगीने मी विषय जरा बदलतो. सध्या माझ्या गॅरेजमध्ये एक जुनी मोटार उभी आहे. तिच्या मूळ इंजिनाच्या जागी साधारण तिप्पट ताकदीचं दुसरं इंजिन बसवायचं आहे. त्याचं नियोजन दीड वर्ष चाललंय, आणि इंजिन अजून विकत घेतलेलं नाही. हे असं का, ते आज सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकांना इंजिन बदलणं नवं नाही. आपण कोल्हापूरची माणसं. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथचे आवाज ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. पेट्रोल पिणाऱ्या जुन्या जीपचं इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री आपण पाहिलेत. त्यांचा हेतू एकच होता, लिटरमागे चार किलोमीटर जास्त मिळावेत. अमेरिकेत हाच उद्योग उलट्या कारणासाठी चालतो. तिथे हलकी, जुनी, देखणी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठं, दणकट इंजिन घालायचं. त्याला 'इंजिन स्वॅप' म्हणतात आणि अशा गाडीला 'प्रोजेक्ट कार'. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते, १९९५ पासून. तिथे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये निम्म्याअधिक वेळा मूळ इंजिन नसतंच. लोक त्यांच्याभोवती, आपल्याकडे बैलाभोवती जमतात तसे, जमलेले असतात.

आमची गाडी आहे १९७२ ची डॅटसन २४०-झी. जपानी निस्सान कंपनीने ही गाडी १९६९ मध्ये आणली. अमेरिकेत तिची किंमत ३,५२६ डॉलर होती. निस्सानचे अमेरिकेतले प्रमुख युताका काटायामा या गाडीच्या मागे ठाम उभे होते, आणि तिथे ती इतकी खपली की जपानी म्हणजे फक्त स्वस्त आणि छोटी गाडी हा समज मोडला. लांब बॉनेट, दोनच सीट, मागे उतरतं छप्पर. इंजिन २.४ लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत, जुन्या मोजणीने १५१ हॉर्सपॉवर. वजन जेमतेम एक टनापेक्षा थोडं अधिक. ही गाडी इतकी हलकी आणि तिचं बॉनेट इतकं लांब, की १९७० च्या दशकापासूनच लोक तिच्यात शेवरलेचं व्ही-एट इंजिन बसवत आले आहेत. म्हणजे आम्ही काही नवा शोध लावत नाही आहोत.

आता 'आम्ही' म्हणजे कोण, तर मी आणि माझी लेक. तिचं वय २३. शिक्षणाने ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. पुढच्या वर्षी ती नोकरीसाठी कॅलिफोर्नियात जाणार आहे आणि ही गाडी तिची असणार आहे. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "बाबा, मला ७०० हॉर्सपॉवर पाहिजे." मी म्हणालो, "बघू." मराठी बापाचं 'बघू' म्हणजे काय असतं ते तिला चांगलं ठाऊक आहे. ती म्हणाली, "बघू नको. नाही म्हणायचं असेल तर गणित करून नाही म्हण."

मित्रहो, तिचं म्हणणं रास्त होतं. म्हणून मी एक वही घेतली आणि आम्ही दोघं गणित करायला बसलो. ते तुम्हालाही सांगतो, कारण ते आपल्याच विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे. बल, अंतर, घर्षण. आपले सर सांगायचे, एकक लिहिलं नाही तर गुण नाहीत. त्यामुळे एककासकट सांगतो.

गाडी पुढे जाते ती इंजिनामुळे नव्हे, टायर रस्त्याला ढकलतो म्हणून. इंजिन जो पीळ देतं, ज्याला टॉर्क म्हणतात, तो गिअरबॉक्समध्ये वाढतो, मग क्राउन-पिनियनमध्ये आणखी वाढतो आणि शेवटी मागच्या टायरपाशी पोचतो. टायर किती ढकलू शकतो याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा त्या चाकांवर किती वजन आहे यावर ठरते. चालकासकट आमची गाडी १,२०० किलो धरा. निम्मं वजन मागच्या चाकांवर, आणि वेग घेताना थोडं वजन पुढून मागे सरकतं ते धरून, चांगले रुंद टायर असले तर मागची दोन चाकं मिळून साडेसातशे ते आठशे किलोचा जोर रस्त्याला देऊ शकतात. त्यापेक्षा एक किलो जास्त दिला तरी चाक जागच्या जागी फिरतं, धूर निघतो आणि मागची बाजू हवी त्या दिशेला जाते.

आता कंपनीने दिलेलं मूळ इंजिन बघा. त्याचा टॉर्क सुमारे १९८ न्यूटन-मीटर. पहिला गिअर साधारण साडेतीनचा, क्राउन-पिनियन ३.३६ चं, चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर. वाटेतली १५ टक्के घट वजा केली तर टायरपाशी जोर येतो साधारण ६६० किलो. म्हणजे त्या काळच्या जपानी इंजिनिअरांनी टायर जेवढं झेलेल त्याच्या जरासं खाली इंजिन ठेवलं होतं. ते लोक शहाणे होते.

आम्ही जे इंजिन ठरवलंय ते शेवरलेचं एलएस-३. हे २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं. आठ सिलिंडर, ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर, टॉर्क ५७५ न्यूटन-मीटर. त्याच्यासोबतच्या सहा-स्पीड गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.६६ चा आणि आमचं क्राउन-पिनियन ३.७ चं. घट वजा करून पहिल्या गिअरमध्ये टायरपाशी येतात सुमारे १,५८० किलो. टायर झेलणार जास्तीत जास्त आठशे. दुसऱ्या गिअरमध्ये येतात १,०६० किलो, तरीही जास्तच. तिसऱ्या गिअरमध्ये ७७० किलोवर येतं तेव्हा कुठे टायर आणि इंजिन यांची बरोबरी होते. म्हणजे ४३० हॉर्सपॉवरमध्येसुद्धा पहिल्या दोन गिअरांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याचा उपयोग नाही.

मग लेकीचे ७०० घेऊ. टर्बो लावून तेवढी ताकद काढली तर टॉर्क ८८० न्यूटन-मीटरच्या आसपास जाईल असं धरलं. तेव्हा चौथ्या गिअरमध्येसुद्धा टायरपाशी ९०० किलोच्या वर जोर येतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला ४,००० फेरे असताना गाडीचा वेग असतो ताशी सव्वाशे किलोमीटर. म्हणजे ताशी सव्वाशेला, सरळ रस्त्यावर, नुसता पाय दाबला तर मागची चाकं सुटू शकतात. रस्ता ओला असेल तर विचारूच नका.

हे आकडे वहीत उतरल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मीही गप्प होतो. चाचणी विभागात मी हजारो भाग मोडलेले पाहिले, पण ते सगळे लोखंडी चौकटीत बसवलेले असायचे आणि मी काचेच्या अलीकडे उभा असायचो. या चाचणीत काचेच्या पलीकडे कोण बसणार आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर आम्ही गाडीचा हेतू लिहिला. तो असा: सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या रस्त्यावर चालवायची, वर्षातून दोन-तीनदा बंदिस्त ट्रॅकवर न्यायची, आणि एकदा मिशिगनहून कॅलिफोर्नियापर्यंत स्वतःच्या चाकांवर पोचवायची. सरळ पट्ट्यावरची शर्यत त्यात नाही. हेतू लिहिल्यावर आकडा आपोआप खाली आला. त्या बदल्यात मीही एक गोष्ट मान्य केली, ती पुढे सांगतो.

हेतूनंतर आम्ही क्रम लिहिला. सगळे लोक इंजिनापासून सुरुवात करतात, कारण इंजिन घरी आलं की मन भरतं. तिथल्या जाहिराती वाचा. 'नव्वद टक्के काम पूर्ण, वेळेअभावी विकणे आहे' असं लिहिलेल्या गाड्या कितीतरी. गाडी ताडपत्रीखाली, इंजिन कोपऱ्यात स्टँडवर, आणि मधलं सगळं बाकी. म्हणून आम्ही उलट्या टोकाने निघालो. आधी टायर, मग ब्रेक, मग चासी, मग मागचं क्राउन-पिनियन, गिअरबॉक्स, मग पाणी, पेट्रोल, वायरिंग, आणि इंजिन सर्वांत शेवटी.

टायरची गोष्ट सोपी. मूळ टायर १७५ मिलिमीटर रुंदीचे होते. २२५ रुंदीचे १६ इंची टायर या गाडीत मडगार्ड न कापता बसतात. त्याहून रुंद घ्यायचे तर पत्रा कापावा लागतो. आम्ही २२५ वर थांबलो आणि वरचं सगळं गणित त्या टायरवर केलं.

ब्रेकमध्ये वेगाचा वर्ग येतो. ताशी १०० वरून थांबताना जेवढी उष्णता ब्रेकमध्ये शिरते, त्याच्या अडीचपट उष्णता ताशी १६० वरून थांबताना शिरते. या गाडीला पुढे पातळ डिस्क आणि मागे ड्रम आहेत. पुढे टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर आणि आतून हवा खेळणाऱ्या जाड डिस्क बसवायच्या, मागे ड्रम काढून डिस्क करायच्या, हा झी-वाल्यांचा जुना, पारखलेला मार्ग. आमचं हे काम झालंय. गाडीत आज जुनंच इंजिन आहे आणि ब्रेक नव्या इंजिनाचे आहेत. शेजारी हसतात. हसू दे.

तिसरी गोष्ट चासी. खरं तर या गाडीला वेगळी चासी नाहीच, पत्र्याचाच सांगाडा आहे, आणि तो पत्रा पातळ आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ जुन्या गाड्यांना खालून खातं. म्हणून आम्ही गाडी ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातून आणली. तरीही बॅटरीखालचा पत्रा आणि पायाखालचा थोडा भाग गंजलेला निघाला, कारण बॅटरीच्या ॲसिडला वाळवंट कळत नाही. तो कापून नवा वेल्ड केला. पुढच्या सांगाड्यापासून मागच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या जोडून घेतल्या, म्हणजे इंजिनाचा पीळ सांगाड्याला पिळणार नाही. सीटच्या मागे छताखाली पोलादी नळीची कमान बसवली. लेक म्हणत होती, शर्यतीच्या गाडीसारखा पूर्ण पिंजरा करू. त्याला मी नकार दिला, आणि कारणासह दिला. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असतं. रस्त्यावर नसतं, आणि तेव्हा डोक्याशेजारची नळी अपघातात रक्षण करण्याऐवजी डोकं फोडते.

मग क्राउन-पिनियन. झीच्या मागच्या डिफरन्शियलला आर-१८० म्हणतात, कारण आतला क्राउन १८० मिलिमीटर व्यासाचा. तो एलएसचा पीळ फार दिवस झेलणार नाही. त्याच घराण्यातला मोठा भाऊ आर-२००, दोनशे मिलिमीटरचा, पुढच्या झी गाड्यांत आला आणि तो थोड्या फेरफाराने इथे बसतो. नुसता क्राउन मोठा करून भागत नाही. पीळ मग पुढे एक्सलवर जातो, एक्सलचे जॉइंट मजबूत केले तर चाकाजवळच्या शाफ्टवर जातो. चाचणी विभागात हेच शिकलो की मोडणं थांबत नाही, ते फक्त पुढच्या कमकुवत भागाकडे सरकतं. म्हणून पूर्ण साखळी एकदम मोजायची.

आणि इथे लेकीने मला हरवलं. ती म्हणाली, "बाबा, आज ४३० ठीक आहे. पण दहा वर्षांनी मी चांगली चालक झाले आणि ताकद वाढवायची ठरवली तर गिअरबॉक्स, एक्सल, पेट्रोलची लाइन सगळं पुन्हा काढायचं का?" मुद्दा बिनतोड होता. ज्या गोष्टी दुसऱ्यांदा करायला दुप्पट खर्च येतो त्या आत्ताच मोठ्या घ्यायच्या, असं ठरलं. ही मी मान्य केलेली गोष्ट. म्हणून टी-५६ मॅग्नम नावाचा गिअरबॉक्स येतोय. कंपनी त्याला सुमारे ९५० न्यूटन-मीटरपर्यंत पात्र ठरवते. आमच्या इंजिनाच्या दीडपटीहून जास्त. ताकद आज नाही, पण तिची जागा राखून ठेवली आहे.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या छोट्या गाडीत ६.२ लिटरचं इंजिन मावतं कसं? त्याचं उत्तर आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आहे. ॲम्बेसेडरच्या जुन्या इंजिनासारखंच हे इंजिन पुशरॉडचं आहे. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे वरचे हेड लहान आणि इंजिन अरुंद. डोक्यावर दोन-दोन कॅमशाफ्ट असलेली आधुनिक पाच लिटरची इंजिनंसुद्धा त्याच्यापेक्षा रुंद असतात. शिवाय याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणून वजन जुन्या बिडाच्या सहा सिलिंडर इंजिनाच्या जवळपासच राहतं. आणि चार-चारच्या दोन रांगा असल्यामुळे लांबी कमी, म्हणून ते मागे सरकवून बसवता येतं. पुढचं नाक जड होत नाही. खालून स्टिअरिंगच्या आडव्या तुळईला आपटू नये म्हणून ऑइल चेंबर मात्र १९९८ ते २००२ च्या कॅमारोचं लावायचं. त्याचा आकार इथे जुळतो.

या कामात आपल्याच वर्गातल्या एका मित्राची मोठी मदत झाली. त्याचं नाव घेऊ नको अशी तंबी त्याने मला जेवताना दिली आहे. उद्यमनगरात त्याचे लेथ आहेत. इंजिन माउंटिंगची ड्रॉइंग मी त्याला फोनवर पाठवली. त्याने ती मापं बघितलीसुद्धा नाहीत. पहिला प्रश्न विचारला, "क्लच प्लेट बदलायची झाली तर गिअरबॉक्स खालनं निघतोय का? का अख्खं इंजिन उचलायचं?" दुसरा प्रश्न, "प्लग काढायला पाना जातोय का?" तिसरा, "सेल्फ कुठनं काढणार?" मित्रांनो, परदेशातली पुस्तकं वाचून मी जी यादी केली होती तिच्यात हे तीन प्रश्न एकत्र कुठेच नव्हते. त्याने सांगितलं, आधी रिकामा ब्लॉक आण, भंगारातला चालेल, तो टांग, पुठ्ठ्याचे साचे काप, हात सगळीकडे जातो का बघ, मग लोखंड काप. आम्ही तसंच केलं. भंगारातला रिकामा ब्लॉक आज गाडीत बसलेला आहे. स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट यांच्यात बोटभर जागा हवी होती, ती आम्हाला पुठ्ठ्यावरच मिळाली.

पाणी, पेट्रोल आणि वीज यांबद्दल थोडक्यात. पेट्रोल इंजिनात जेवढी ताकद चाकाला जाते, साधारण तेवढीच उष्णता पाण्यात जाते. पण हमरस्त्यावर ताशी शंभरने जाताना ताकद लागते जेमतेम वीस-पंचवीस हॉर्सपॉवर. त्यामुळे गाडी तापते ती वेगात नव्हे, सिग्नलला. तिथे रेडिएटरच्या आकाराइतकाच पंखा आणि त्याच्याभोवतीचं वेष्टन महत्त्वाचं. वेष्टन नसेल तर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. पेट्रोलचं म्हणाल तर जुना पंप कार्बोरेटरसाठी होता, दाब अगदी कमी. एलएसला ४ बार दाब लागतो, आणि पूर्ण ताकदीला मिनिटाला दोन लिटरच्या वर पेट्रोल. म्हणजे पंप, पाइप आणि टाकी तिन्ही बदलायचे. टाकीच्या आत आडवे पत्रे हवेत, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन नेमकं वळणात मरतं. वायरिंग सगळं लेकीच्या ताब्यात. या इंजिनाला ॲक्सिलरेटरची केबलच नसते, पायाखाली सेन्सर असतो. तिने प्रत्येक तारेला क्रमांक दिलाय आणि वही केलीय. तिची वही माझ्या वहीपेक्षा सुवाच्य आहे, हे तिच्या आईचं मत.

आता कायद्याचं. गाडी १९७२ चीच का, याला कारण आहे. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही. कॅलिफोर्नियात ती कडक आहे. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना मात्र तिथे त्या तपासणीतून सूट आहे. १९७६ नंतरची गाडी घेतली असती तर बसवलेलं इंजिन त्याच वर्षाचं किंवा नंतरचं असावं लागतं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा जशीच्या तशी लावावी लागते आणि सरकारने नेमलेल्या परीक्षकाकडून मंजुरी आणावी लागते. म्हणजे गाडी कुठे राहणार हे गाडी घेण्याआधी ठरवावं लागतं. तरीही धूर कमी करणारे कन्व्हर्टर आम्ही लावणारच आहोत. कायदा सूट देतो, फुप्फुसं देत नाहीत.

इथे तरुण मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी आपल्या देशातलं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात कंपनीच्या मूळ रचनेप्रमाणे जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. तशाच प्रकारचं इंजिन पूर्वपरवानगीने बदलता येतं, मान्यताप्राप्त किट परवानगीने लावता येतात. छोट्या गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून पंचगंगेच्या पुलावर मिरवायचं असेल तर ते बेकायदेशीर आहे आणि विम्याची कंपनी तुमच्या दारातही उभी राहणार नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी ट्रॅकवर जावं. मोटरस्पोर्ट आता आपल्याकडेही आहे, आणि त्यात कोल्हापूरची मुलं मागे नाहीत.

खर्चाबद्दल मला इथे जेवताना सहा जणांनी विचारलं. आकडा सांगत नाही, कारण माझी सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसली आहे. प्रमाण सांगतो. माझ्या वहीत एकूण खर्चाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी रक्कम इंजिनाची आहे. उरलेली सगळी ते इंजिन थांबवण्याची, थंड ठेवण्याची आणि त्याला पेट्रोल पाजण्याची. आणि वीस टक्के रक्कम बाजूला ठेवली आहे, जिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. नट, बोल्ट, पाइपचे जॉइंट, दोनदा आणलेली गॅस्केट यांत ती जाते. वेळेचं बंधन सौभाग्यवतीने घातलंय. नोव्हेंबरला पहिलं बर्फ पडायच्या आत तिची गाडी गॅरेजमध्ये आली पाहिजे. गेला हिवाळा तिने रोज सकाळी काचेवरचं बर्फ खरवडलंय. या प्रकल्पातली सर्वांत मोठी गुंतवणूक तीच आहे, हे मी सर्वांसमोर मान्य करतो.

गाडी तयार झाली की पहिले पाचशे किलोमीटर मी चालवणार, पुढचे पाचशे लेक आणि मी शेजारी. त्यानंतर ट्रॅकवर एका प्रशिक्षकाकडे तिचे तीन दिवस नोंदवले आहेत. ते पैसे इंजिनाच्याच खात्यात लिहिलेत. नवे टायर, नवे ब्रेक आणि नवा चालक, तिघांनाही रुळायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी संगणकाच्या सेटिंगमध्ये पहिल्या दोन गिअरांत ताकद कमी करून ठेवायची, हे तिनेच सुचवलं. मी सुचवलं असतं तर वाद झाला असता.

इंजिनाची ऑर्डर मी परत गेल्यावर, येत्या महिन्यात देणार आहे. वहीतल्या शेवटच्या पानावर तेवढी एकच ओळ उरली आहे. पुढच्या मेळाव्याला समितीने बोलावलं तर फोटो घेऊन येईन. आणि उद्यमनगरातल्या आपल्या मित्राला सर्वांच्या साक्षीने सांगतो: गिअरबॉक्स खालनं निघतोय, प्लगला पाना जातोय, आणि सेल्फ पुढच्या उजव्या चाकाजवळून हात घालून निघतो. तपासायला तू स्वतः ये. तिकीट मी काढतो.